पिपेट द्रव ओढत नाही, हवा ओढते

मागच्या पावसाळ्यात माझ्या पीएचडीचे तीन आठवडे एका २० मायक्रोलिटरच्या पिपेटने खाल्ले. पिपेट बिघडलेली नव्हती. ती बिचारी नीट चालत होती, चूक माझ्या अंगठ्याची होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं काम माशांच्या डीएनए बारकोडिंगचं. म्हणजे काय, तर माशाच्या पराचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए काढायचा आणि सीओआय नावाच्या जनुकातला साधारण ६५० अक्षरांचा भाग वाचायचा. दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा हा भाग प्रजाती ओळखायला कामी येतो. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी ही कल्पना २००३ मध्ये मांडली. आपल्या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात त्यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्रसुद्धा आहे. माझी लॅब वेगळी आहे, तिचं नाव इथे नको.

तर झालं असं. पैठणच्या नाथसागरातून आणलेल्या २४ नमुन्यांवर पीसीआर लावला. प्रत्येक वेळी सोबत एक निगेटिव्ह कंट्रोल असतो: त्या ट्यूबमध्ये सगळी रसायनं टाकायची, पण डीएनएऐवजी नुसतं पाणी. तिथे काहीच दिसायला नको. माझ्या जेलवर तिथे मस्त, जाड, ठसठशीत पट्टा आला. म्हणजे पाण्यातसुद्धा मासा निघाला!

पाणी बदललं. प्रायमर बदलले. एन्झाइमची नवी ट्यूब उघडली. पट्टा कायम. गाइड सर रोज विचारायचे, "काय म्हणतंय पाणी?" आणि मी मान खाली घालायचे. उत्तर शेवटी कुठे सापडलं ते पुढे सांगतेच. त्याआधी हे हातातलं यंत्र आतून कसं चालतं ते बघू. कारण पिपेट सुरक्षितपणे वापरायचे जेवढे नियम आपल्याला पहिल्या दिवशी सांगतात आणि आपण दुसऱ्या दिवशी विसरतो, ते जवळपास सगळे एकाच गोष्टीतून निघतात. ती गोष्ट कळली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी तोंडाने ओढायचो

मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजात बीएस्सी केलेल्यांना विचारा. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल, हातात १० मिलीची काचेची पिपेट, समोर ऑक्झॅलिक ॲसिड. रबरी बल्ब कपाटात कुलूपबंद, नाहीतर फाटलेला. मग काय, तोंड लावायचं आणि सरबतासारखं ओढायचं. एकदा तरी ते तोंडात गेलेलं असतंच. आंबट-तुरट चव, दोन चुळा, आणि वर्गात हशा. माझंही तेच झालं होतं. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी असतं हे मला नंतर कळलं, आणि ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात आधीपासून छापलेलं होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जगभरातल्या प्रयोगशाळांत कित्येक दशकं असंच चालायचं, आणि तेही रोगजंतूंच्या कल्चरसोबत. १८९३ मध्ये एका डॉक्टरने चुकून टायफॉइडच्या जंतूंचं कल्चर तोंडात ओढलं. तोंडाने पिपेट ओढल्यामुळे झालेल्या संसर्गाची ती सगळ्यात जुनी नोंद मानली जाते. पुढे अशा नोंदी वाढतच गेल्या.

ही सवय मोडायला मोठा हातभार लागला तो जर्मनीतल्या मारबुर्ग शहरात. हाइनरिश श्निटगर नावाचा तरुण संशोधक तिथे काम करत होता. रोज तोंडाने अगदी बारीक बारीक मापं ओढायचा त्याला कंटाळा आला. १९५७ मध्ये त्याने एक यंत्र बनवलं: स्प्रिंग लावलेला पिस्टन, आणि पुढे काढता-घालता येणारी प्लास्टिकची टिप. द्रव टिपमध्येच राहणार, यंत्राच्या आत जाणार नाही, ही त्यातली खरी गंमत. एपेनडॉर्फ कंपनीने १९६१ पासून ते बाजारात आणलं. मग १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉरन गिल्सन यांनी माप बदलता येणारी पिपेट आणली, आणि आज आपल्या बाकावर दिसतो तो अवतार तयार झाला.

पण नुसतं यंत्र आलं म्हणजे माणूस सुरक्षित झाला असं नाही. त्याच मारबुर्गमध्ये, श्निटगरच्या शोधानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये माकडांच्या ऊतींवर काम करणारे प्रयोगशाळेतले लोक एका नव्या विषाणूने आजारी पडले. म्हणूनच त्याचं नाव मारबुर्ग विषाणू. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. १९५२ मध्ये तिथे व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, आणि तो विषाणू या पुण्याच्या केंद्राने शोधला. जंगलात हा आजार गोचिडांमुळे पसरतो. पण विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्याही अनेकांना त्याची लागण झाली. बाकावर बसल्या बसल्या. आज त्याच संस्थेकडे सगळ्यात वरच्या, म्हणजे चौथ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे.

हे सांगायचं कारण एवढंच की द्रवाचा बारीक थेंब कुठे जातो, हा प्रश्न फक्त रिझल्टचा नाही.

आत नेमकं काय असतं?

प्लंजर दाबला की आतला पिस्टन खाली जातो. सोडला की स्प्रिंगमुळे वर येतो. आपल्याला वाटतं, पिस्टनने द्रव ओढला. नाही. पिस्टन आणि द्रव यांची कधी भेटच होत नाही. दोघांच्या मध्ये हवेचा छोटासा खांब असतो. इंग्रजीत त्याला कुशन म्हणतात, आपण हवेची उशी म्हणू. पिस्टन वर गेला की ही उशी थोडी ताणली जाते, आतला दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब द्रवाला टिपमध्ये ढकलतो.

म्हणजे पिपेट हवा मोजते, आणि हवा जेवढी सरकली तेवढाच द्रव आला असेल असं आपण धरून चालतो.

आता हवेचे स्वभाव आठवा. ती गरम झाली की फुगते, गार झाली की आक्रसते. तिच्यात वाफ मिसळते. ती बारीक थेंब उचलून दुसरीकडे नेते. पिपेटचे सगळे घोळ या तीन वाक्यांत आले.

थेंब वर गेला की

माझ्या पट्ट्याचं गुपित इथलंच. संध्याकाळी सहानंतर माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. शेअर रिक्षा मिळाली नाही तर घरी पोचायला तास जातो. म्हणून मी प्लंजर दाबायचे आणि पटकन सोडून द्यायचे. टप्प. तसं केलं की उशीतला दाब एकदम पडतो आणि द्रव टिपमध्ये चढायच्या ऐवजी उसळतो. त्यातले बारीक तुषार टिपच्या वर, पिपेटच्या नळीत जाऊन बसतात. डोळ्यांना काही दिसत नाही.

पुढच्या नमुन्याला मी नवी टिप लावली, अगदी नियमाने. पण प्लंजर दाबला की तीच नळीतली हवा खाली येते, आणि येताना आधीच्या माशाचा डीएनए सोबत आणते. पीसीआरमध्ये ३५ चक्रं होतात, प्रत्येक चक्रात डीएनए दुप्पट. निदान कागदावर तरी एका रेणूचे सुमारे ३,४०० कोटी होतात. तिथे एक अदृश्य तुषार म्हणजे पूर चारीमुंड्या आत.

तीन आठवड्यांनी एका सिनियर ताईने माझ्या हातातून पिपेट घेतली, पुढचा भाग फिरवून काढला आणि उजेडात धरला. आत वाळलेल्या थेंबांचे पांढरट डाग होते. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यातून निघणारे नियम:

प्लंजर सावकाश सोडा. अंगठा प्लंजरवरून उचलायचा नाही, त्याच्यासोबत वर यायचं.

टिपमध्ये द्रव असताना पिपेट कधीच आडवी धरू नका, बाकावर आडवी ठेवू नका. उतार मिळाला की द्रव नळीकडे जाणारच. काम झालं की स्टँडला उभी लटकवा.

टिप द्रवात फार खोल बुडवू नका. लहान मापांना २-३ मिलिमीटर पुरेत. खोल घातली की बाहेरून थेंब चिकटून येतात. अगदी वर ठेवली तर हवा ओढली जाते, बुडबुडा येतो, आणि बुडबुडा फुटला की पुन्हा तुषार.

पीसीआर, आरएनए किंवा रुग्णाचा नमुना असेल तर फिल्टर असलेल्या टिप्स वापरा. टिपच्या वरच्या भागातला तो पांढरा बोळा म्हणजे हवेच्या उशीच्या दारावरचा पहारेकरी. महाग पडतात, खरंय. मीही आधी नको म्हणायचे. तीन आठवड्यांची रसायनं मोजल्यावर गप्प बसले.

आणि डीएनए टाकायची पिपेट वेगळी, मास्टर मिक्स बनवायची वेगळी. दोन संच नसतील तर निदान आधी मिक्स आणि पाणी, डीएनए सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

तुमच्या अंगावर काय येऊ शकतं

माझ्या नळीत माशाचा डीएनए होता म्हणून फक्त वेळ गेला. तेच तुषार एखाद्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये टीबीच्या नमुन्याचे असते तर ते श्वासात गेले असते.

शेवटचा थेंब काढायला आपण दुसऱ्या स्टॉपपर्यंत जोरात दाबतो आणि फुर्र असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे तुषार उडाले. संसर्गजन्य नमुना असेल तर टिप ट्यूबच्या भिंतीला टेकवा, हळू दाबा, थेंब भिंतीवरून उतरू द्या. काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करा. पिपेटने खालीवर करून मिसळताना टिप द्रवाखाली ठेवा, फेस आणू नका.

दुसरा धोका बाष्पाचा. फिनॉल-क्लोरोफॉर्मने डीएनए काढणाऱ्यांना हे ओळखीचं असेल: क्लोरोफॉर्म ओढला, ट्यूबकडे नेईपर्यंत टिपमधून टप टप गळायला लागला. पिपेट लीक आहे असं म्हणून आपण तिला शिव्या घालतो. खरं कारण पुन्हा उशीच. क्लोरोफॉर्मची वाफ त्या हवेत मिसळते, दाब वाढतो, आणि तो द्रवाला खाली ढकलतो. उपाय सोपा आहे. फ्यूम हूडमध्येच, तीन-चार वेळा क्लोरोफॉर्म टिपमध्ये ओढा आणि परत त्याच बाटलीतल्या लहान भांड्यात सोडा. उशी वाफेने भरून गेली की गळणं थांबतं. मग माप घ्या. ॲसिटोन, इथेनॉल, मिथेनॉल सगळ्यांना हेच लागू. असं काम रोजचं असेल तर पिस्टन थेट द्रवाला टेकणारी वेगळी पिपेट मिळते, तिच्यात उशीच नसते.

हे गळणं गमतीचं नाही. आपण नेहमी घालतो ते पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज क्लोरोफॉर्मला फार वेळ अडवत नाहीत, मिनिटभरात तो आत पोचू शकतो. ग्लोव्हवर थेंब पडला की लगेच ग्लोव्ह काढा, हात धुवा, नवा घाला. फिनॉल त्याहून लबाड. तो त्वचा भाजतो आणि तीच जागा बधिरही करतो, त्यामुळे भाजल्याचं आधी कळतच नाही. पांढरा डाग दिसला की नळाखाली भरपूर पाणी, किमान पंधरा मिनिटं, आणि थेट डॉक्टर. "काही होत नाही, दुखत नाहीये" हे इथे चालत नाही, कारण न दुखणं हाच त्याचा स्वभाव आहे.

तिसरी गोष्ट, तीव्र आम्लं. हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक ॲसिडची वाफ नळीतून वर जाते, पिस्टन आणि सील खाते. तुमची पिपेट महिनाभराने चुकीचं माप देते आणि कोणाला कारण कळत नाही. तीव्र आम्लाला काचेची पिपेट आणि रबरी बल्ब, किंवा मोजपात्र. तोंड नाही. कधीच नाही. "फक्त एकदाच, ताई" असंही नाही.

आणि वापरलेल्या टिप्स. संसर्गजन्य टिप्स ब्लीचच्या, म्हणजे हायपोक्लोराइटच्या भांड्यात टाकायची सवय चांगली. पण ती आंधळेपणाने नको. डीएनए काढायच्या बऱ्याच तयार किटमधल्या बफरमध्ये गुआनिडीन थायोसायनेट असतं. ते ब्लीचमध्ये गेलं की विषारी वायू तयार होतात. क्लोरोफॉर्मच्या टिप्सही ब्लीचमध्ये नकोत आणि ऑटोक्लेव्हमध्येही नकोत. तीन डबे ठेवा, वर मराठीत ठळक लिहा. आमच्याकडे कचरा उचलणाऱ्या मामांना कोणत्या डब्यात काय आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. धोका आपला, आणि हात त्यांचा घालायचा, हे बरोबर नाही.

आकडाही सुरक्षित हवा

आता आपल्याकडच्या हवामानाकडे येते. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, एसी बंद पडला, की लॅबचा तवा होतो. हवा तापलेली आणि खडखडीत कोरडी.

कोरड्या हवेत पहिलं माप नेहमी थोडं कमी भरतं. टिपमध्ये शिरलेल्या द्रवाचं थोडं बाष्प होतं, ते उशीत मिसळून ती फुगवतं, आणि तेवढा द्रव कमी येतो. म्हणून खोलीच्याच तापमानाचा द्रव असेल तर आधी दोन-तीन वेळा ओढून सोडा आणि मग माप घ्या. टिप बदलली की पुन्हा.

बर्फावरची ट्यूब असेल तर उलटं. गार द्रवामुळे उशी आक्रसते आणि माप जास्त येतं. गरम द्रवाचं कमी येतं. अशा वेळी टिप ओली करत बसू नका, लगेच ओढा, लगेच सोडा, आणि प्रत्येक वेळी नवी टिप घ्या. पिपेट तासभर मुठीत धरून ठेवली तरी हाताच्या उबेने उशी तापते. दोन नमुन्यांच्या मध्ये ती स्टँडला लावायची सवय यासाठीही चांगली.

एन्झाइमची गोष्ट वेगळी. ते बहुतेक वेळा निम्म्या ग्लिसरॉलमध्ये येतं, काकवीसारखं दाट. सावकाश ओढा, टिप बाहेर काढायच्या आधी क्षणभर थांबा. किंवा उलटी पद्धत वापरा: दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून ओढायचं, पहिल्या स्टॉपपर्यंतच सोडायचं, टिपमध्ये उरलेलं टाकून द्यायचं. थोडं वाया जातं, पण माप खरं मिळतं, आणि फुंकर नसल्यामुळे तुषारही उडत नाहीत.

मग योग्य पिपेट निवडणं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६५५ प्रमाणे २० मायक्रोलिटरच्या पिपेटला ०.२ मायक्रोलिटरची चूक माफ असते. २० घेताना ती १ टक्का झाली. पण याच पिपेटने २ मायक्रोलिटर घेतलं तर तेवढीच चूक १० टक्के होते! म्हणून शक्यतो पिपेटच्या कमाल मापाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वरच राहा. २ मायक्रोलिटर हवं असेल तर २ ची पिपेट शोधा, शेजारच्या लॅबमधून मागून आणा. आणि आकडा कमालच्या पुढे फिरवायचा नाही. १,००० च्या पिपेटवर १,०५० लावायला जोर लावला की आतली यंत्रणा गेलीच.

तुमची पिपेट खरं बोलते का, हे बघायला कंपनीच्या माणसाची वाट बघायची गरज नाही. एक चांगला तराजू, डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धा तास हवा. १,००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवरच्या भांड्यात सोडा, प्रत्येक वेळचं वजन लिहा, सरासरी काढा. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हे शाळेतलं गणित इथे थोडं सुधारावं लागतं. २५ अंशाला ते साधारण ०.९९६ ग्रॅम भरतं, ३० अंशाला ०.९९५. तेवढं आलं तर पिपेट ठीक. २५ अंशाला सरासरी ०.९७० आली तर ती २६ मायक्रोलिटर कमी देतेय. मानकाची मर्यादा या मापाला फक्त ८ मायक्रोलिटर. अशा पिपेटवर "वापरू नये" चिठ्ठी लावा आणि दुरुस्तीला पाठवा. सरासरी बरोबर पण दहा आकडे दहा दिशांना पळत असतील तर मात्र आधी स्वतःचा हात तपासा. माझा पहिला प्रयत्न असाच होता. लहान मापांसाठी चार किंवा जास्त दशांश स्थळांचा तराजू लागतो, तिथे घाई करू नका.

अंगठा

याविषयी कोणी बोलत नाही, कारण पीएचडीत दुखणं म्हणजे कष्टाचं सर्टिफिकेट समजतात.

१९९४ मध्ये स्वीडनमध्ये प्रयोगशाळेत काम करणाऱ्या महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला ३०० तासांहून जास्त पिपेटिंग करणाऱ्यांमध्ये हाताच्या आणि खांद्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. ३०० तास ऐकायला खूप वाटतं. वर्षात २५० कामाचे दिवस धरा: रोज जेमतेम सव्वा तास. थीसिसच्या शेवटच्या वर्षात आपण सगळेच त्या रेषेच्या पलीकडे असतो.

मला सकाळी पाण्याची बाटली उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. दोन महिने मी मलम लावत राहिले. फिजिओथेरपिस्टने काय काम करतेस विचारलं आणि पिपेट धरल्याची नक्कल करायला सांगितली. मी केली, आणि तिने माझं कोपर खाली ओढलं. माझं कोपर जवळपास खांद्यापर्यंत वर होतं! ट्यूबचं स्टँड उंच, खुर्ची खाली, कचऱ्याचा डबा त्याहून उंच.

आता मी हे करते. खुर्ची वर, स्टँड खाली आणि जवळ, कोपर अंगाला. पिपेट आवळायची नाही, तिचा वरचा आकडा बोटावर टेकवून सैल धरायची. टिप बॉक्सवर ठोकून बसवायची नाही, हलकेच दाबून थोडी वळवली की बसते. ठोकून बसवलेली टिप काढायला अंगठ्याला प्लंजरपेक्षाही जास्त जोर लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हात मोकळे. ९६ खळ्यांची प्लेट असेल तर आठ तोंडांची मल्टिचॅनल पिपेट मागून घ्यायला लाजायचं नाही.

शेवटी त्या पट्ट्याचं काय झालं

पिपेटचा पुढचा भाग काढला. डिस्टिल्ड वॉटरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पूर्ण वाळवला, घासलेलं सील बदललं. सगळ्याच पिपेट्सचा भाग असा निघत नाही, आणि सगळ्या ऑटोक्लेव्हलाही चालत नाहीत, म्हणून आधी तिचं माहितीपत्रक वाचा. वजनाची चाचणी घेतली. पीसीआर लावला. जेलवर निगेटिव्ह कंट्रोलची जागा काळीभोर, रिकामी. एवढी सुंदर रिकामी जागा मी पाहिली नव्हती.

२४ पैकी २० नमुने पुन्हा केले. उरलेल्या चार नमुन्यांचा ऊतीचा तुकडा तोवर संपला होता. ते अगदी लहान मासे होते, कोळीदादांनी जाळ्यातून वेगळे काढून माझ्यासाठी बर्फात ठेवलेले. माझ्या तक्त्यात त्या चार ओळी अजून कोऱ्या आहेत.

गेल्या आठवड्यात एक नवी ज्युनिअर आली. पहिल्याच दिवशी तिने प्लंजर टप्पकन सोडला. मी काही न बोलता एक काम केलं: पाण्यात थोडी निळी शाई टाकली आणि टिपच्या आत पांढऱ्या टिश्यूचा बारीक बोळा बसवून दिला. म्हटलं, आता तसंच कर. तिने केलं. बोळ्यावर निळे ठिपके उठले. तिने टिप उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ताई, हे रोज आत जात होतं?"

तुमच्या लॅबमध्येही करून बघा. शाई आणि टिश्यू, खर्च जवळपास काहीच नाही. आणि एकदा तुमच्या पिपेटचा पुढचा भाग उघडून उजेडात धरा. आत काय दिसलं ते मला नक्की कळवा.